केस तापाने गेले, पैसे लेझरने नेले

केस गळतात म्हणून लेझरचे पॅकेज घेणार असाल, तर आधी आठवा: दोन-तीन महिन्यांपूर्वी तुम्हाला काय झाले होते?

एटापल्लीकडची एक तरुणी परवा आली. पावसाळ्यात मलेरिया झाला, दिवाळीच्या सुमारास केस पुंजक्याने हातात येऊ लागले. शहरातल्या एका सेंटरने सहा महिन्यांचे लेझर सुचवले. तेंदूपत्त्याच्या मजुरीतून साठवलेले पैसे पहिल्या हप्त्यात गेले. रक्त मात्र कोणी तपासले नव्हते. मी तपासले. हिमोग्लोबिन ८!

जोराचा ताप, बाळंतपण किंवा मोठे ऑपरेशन झाले की केसांची बरीच मुळे एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. मुळे मेलेली नसतात. कारण दूर झाले की बहुतेकांचे केस सहाएक महिन्यांत पुन्हा भरू लागतात. पॅकेजही नेमके सहा महिन्यांचे! केस शरीर उगवते, पावती सेंटर फाडते.

लेझर निव्वळ थोतांड आहे असे मी म्हणत नाही. १९६०च्या दशकात बुडापेस्टच्या डॉ. एंद्रे मेस्टर यांना लेझर दिलेल्या उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर केस लवकर उगवताना दिसले. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लेझरच्या कंगव्याला विक्रीची परवानगी दिली, ती आनुवंशिक टक्कल पडणाऱ्या पुरुषांसाठी. त्यात काहींचे केस थोडे दाट होतात. वापर थांबवला की फायदाही ओसरतो. जाहिरातीत ‘एफडीए मान्य’ एवढेच छापतात. कोणत्या आजारासाठी, ते गाळतात.

आपल्या विदर्भातलेच बुलढाणा आठवा. डिसेंबर २०२४ पासून शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांना काही दिवसांत टक्कल पडले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी डोक्यावर दिवे लावले नाहीत; रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासला, आणि जादा सेलेनियमकडे बोट दाखवले.

चंद्रपूर-गडचिरोलीत तर तपासणी टाळायला निमित्तच नाही. इथे पांडुरोग घरोघरी आणि सिकलसेलही आहे. म्हणून लोहाच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन कमी असले तरी लोह कमी असेलच असे नाही. सिकलसेलची प्राथमिक चाचणी सरकारी दवाखान्यात होते. रक्त न पाहता लेझर लावणे याला मी उपचार म्हणत नाही, विक्री म्हणतो.

त्या मुलीला सांगितले, “दुसरा हप्ता भरू नको, बेटा.” तिने विचारले, “पहिला परत मिळेल का?”

सेंटरच्या पावतीवर बारीक अक्षरात आधीच छापले होते: भरलेली रक्कम परत मिळणार नाही.