चंद्राचे रंग : खरे किती, रंगवलेले किती?

नुसत्या डोळ्यांना करडा-पांढरा दिसणारा चंद्र अलीकडे हौशी खगोलनिरीक्षकांच्या छायाचित्रांतून निळा, नारिंगी, तपकिरी होऊन अवतरतो. तो पाहून कोणी हरखून जातात, तर कोणी ‘ही सारी संगणकाची करामत’ म्हणून मोडीत काढतात. दोन्ही निवाडे घाईचे आहेत.

रंग मुळात तेथे आहेत. फार फिके आहेत, इतकेच. शांतिसागराची भूमी निळसर, तर त्याला लागून असलेल्या सेरेनिटाटिस सागराची तांबूस. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी शांतिसागरातून आणलेल्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम ऑक्साइडचे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात निघाले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसाल्टच. पण ही श्रीमंती त्याला नाही. इल्मेनाइट ह्या टायटॅनियमयुक्त खनिजामुळे तेथील भूमी निळ्याच्या मानाने तांबडा प्रकाश इतर सागरांपेक्षा कमी परतवते. म्हणून एक छायाचित्र निळ्या फिल्टरमधून, दुसरे गडद तांबड्या फिल्टरमधून घ्यावे आणि एकाला दुसऱ्याने भागावे. उंचसखलपणाचा व उजेडाचा फरक बहुतांशी उडून जातो, उरतो तो मातीचा. गच्चीवरच्या लहान दुर्बिणीला हे साधते, ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

मात्र डाग दिसणे वेगळे आणि त्यावर खनिजाचे नाव लिहिणे वेगळे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ह्यांनी १९१० मध्ये अतिनील प्रकाशात चंद्र टिपला, तेव्हा ॲरिस्टार्कस विवराजवळ एरवी न जाणवणारा काळा डाग उमटला. तो गंधकाचा असावा, असा त्यांचा तर्क होता. डाग आजही तेथेच आहे. गंधकाचा तर्क टिकला नाही. ज्वालामुखीच्या उद्रेकातून पसरलेल्या लोहयुक्त काचकणांचा तो थर मानला जातो. वुड ह्यांच्यासारख्या कसलेल्या संशोधकाची ही गत, तर संगणकावर रंग भडक करून ‘खनिजांचा नकाशा’ अशी पाटी लावणाऱ्यांचे काय सांगावे? पायरॉक्सिनसारख्या लोहयुक्त खनिजांची मुख्य खूण अवरक्तात १ मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि साध्या कॅमेऱ्याची दृष्टी तेथेच मंदावते. २००८ मध्ये चांद्रयान-१ वर खनिजे शोधण्यासाठी पाठवलेले उपकरण ३ मायक्रोमीटरपर्यंत पाहत होते, ते उगीच नव्हे. शिवाय चंद्र क्षितिजालगत असला की पृथ्वीचे वातावरणच त्याला तांबूस करून सोडते!

शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत अशी रंगीत छायाचित्रे जरूर मांडावीत. पण प्रत्येकाशेजारी मूळ करडे छायाचित्र लावावे; फिल्टर कोणते, चंद्र क्षितिजापासून किती वर होता, रंग किती पट वाढवले, हे खाली लिहावे; आणि परीक्षकांनी गुण देताना आधी तेच वाचावे.