वालधुनीसाठी आधी क्षेत्रसभा भरवा



वालधुनी नदीच्या काठाला भिंत हवी, सांडपाणी प्रकल्प हवा, सुशोभीकरण हवं, यावर आमच्या उल्हासनगरात भरपूर बोललं जातं. काठावरच्या माणसाला विचारायचं कोणी आणि कुठे, यावर मात्र कोणी बोलत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

नोव्हेंबर २०१४ मधली ती पहाट आमचा कॅम्प ४ भाग विसरलेला नाही. टँकरमधून आणलेलं रसायन नदीत सोडलं गेलं आणि वडोल गाव व आसपासच्या वस्तीतली शेकडो माणसं, त्यात लहान मुलंही, घुसमटून आणि उलट्या करत दवाखान्यात पोचली. रात्रीचा टँकर कुठे थांबतो हे काठच्या टपरीवाल्याला, पहाटे पाणी भरणाऱ्या बाईला यंत्रणेच्या आधी कळतं. पण एकट्याने तोंड उघडायला भीती वाटते. चारचौघांच्या सभेत, नोंदवहीत उतरून घेतलेली तक्रार वेगळी असते.

अशी सभा कायद्यात आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद केली. खेड्यातल्या ग्रामसभेचं हे शहरातलं रूप. पण ग्रामसभा वर्षातून किमान चारदा भरते, आणि क्षेत्रसभा राज्यभर बहुतेक कागदावरच राहिली. आमच्या शहरात २०१७ ला ७८ नगरसेवक २० प्रभागांतून निवडून आले. एका प्रभागाला चार-चार नगरसेवक असले की सभा बोलवायची कोणी? २०२२ ला त्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा तर हा प्रश्न विचारायलाही कोणी उरलं नाही.

लोकांना बाजूला ठेवून केलेल्या कारवाईचं काय होतं, तेही आम्ही पाहिलं. न्यायालयीन आदेशांनंतर कॅम्प ४ आणि ५ मधले जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले. प्रदूषण थांबायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या कामगारांनी पुढे काय करायचं, हे कोणत्याही सभेत ठरलं नाही. काही धंदे शहराबाहेरच्या गावांकडे सरकले. म्हणजे घाण तिथे गेली, आणि रोजगारही.

‘लोक सभेला येत नाहीत, आले तर गोंधळ घालतात,’ असं म्हणतात. हे मला मान्य नाही. सुभाष टेकडी, कुर्ला कॅम्प इथल्या जयंती समित्या आणि गणेश मंडळं बघा. दारोदार वर्गणी गोळा करून तिचा हिशेब देणारी ही माणसं आहेत. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या निर्वासितांनी हे शहर उभं केलं. इथल्या माणसाला एकत्र बसून निर्णय घेणं शिकवावं लागत नाही. त्याच्या निर्णयाला वजन द्यावं लागतं.

म्हणून मागणी साधी आहे. नदीकाठच्या प्रत्येक क्षेत्रात दर तीन महिन्यांनी सभा घ्या, अंदाजपत्रकाआधी एक सभा सक्तीची करा आणि तिचं इतिवृत्त प्रभाग कार्यालयाबाहेर लावा. नदी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावून उल्हासनगरमार्गे कल्याणला जाते. प्रत्येक शहर वरच्या शहराकडे बोट दाखवतं. तिन्ही ठिकाणच्या सभांचे प्रतिनिधी वर्षातून दोनदा तरी एकत्र बसवा. पहिली बैठक अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ घ्या. मंदिर इ. स. १०६० चं आहे आणि वालधुनी त्याला लागूनच वाहते. बसलेल्यांना पाणी समोर दिसेल.

– एक रहिवासी, सुभाष टेकडी, उल्हासनगर कॅम्प ४