डिजिटल दंतोपचार: तालुक्याच्या दवाखान्याने आधी काय घ्यावे?

अल्जिनेटचे माप तोंडातून बाहेर आले की ते बिघडायला लागते. त्यातले पाणी सुटते, उडते आणि माप आकसते. ओल्या कापडात गुंडाळले तरी दहा-पंधरा मिनिटांत ते ओतावे, हे आपण सगळे विद्यार्थिदशेतच शिकलो. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा हा नियम पाळण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून डॉक्टर कास्ट दवाखान्यातच ओततात, खोक्यात भरतात आणि ३५ किलोमीटरच्या आसपास असलेल्या अमरावतीच्या लॅबकडे पाठवतात. वाटेत कास्टचा एखादा दात तुटला किंवा लॅबला मार्जिन दिसली नाही, तर रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते. हा रुग्ण बहुधा सोयाबीन-कपाशीच्या शेतात राबणारा असतो. त्याची प्रत्येक जास्तीची फेरी म्हणजे एक रोज बुडाला आणि वर प्रवासाचा खर्च. तालुक्याच्या दवाखान्यात डिजिटल तंत्राचा विचार या बुडालेल्या रोजापासून सुरू व्हायला हवा.

तंत्र नवे नाही. फ्रान्सच्या फ्रान्स्वा दुरे यांनी प्रकाशाच्या साहाय्याने माप घेण्याची कल्पना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. झ्युरिक विद्यापीठात वेर्नर मोरमान यांनी अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या साथीने १९८५ मध्ये रुग्णाच्या खुर्चीशेजारीच सिरॅमिकचा इनले घडवून बसवला. फिल्मची जागा घेणारी आरव्हीजी १९८०च्या दशकातच आली. जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारी सीबीसीटी १९९०च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यकात रुळू लागली. आज ही साधने आपल्या आवाक्यात येत आहेत, आणि म्हणूनच निवड करण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे.

आपल्यापैकी अनेकांकडे स्कॅनर नसला तरी डिजिटल काम आपण आधीपासूनच वापरतो आहोत. आपण पाठवलेला कास्ट लॅब स्कॅन करते, संगणकावर कॅपची रचना होते आणि झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून ती कोरली जाते. या साखळीत एक गोष्ट विसरून चालणार नाही. तोंडातल्या मापात जी चूक झाली, ती पुढच्या प्रत्येक टप्प्यात तशीच उतरते. यंत्र ती दुरुस्त करत नाही.

दवाखान्यातच स्कॅनर असेल तर लाभ नक्कीच मोठा आहे. फाईल काही मिनिटांत लॅबकडे जाते आणि मार्जिन अस्पष्ट असेल तर रुग्ण खुर्चीवर असतानाच कळते. तेवढाच भाग पुन्हा स्कॅन केला की काम होते. एक-दोन दातांच्या कॅपसाठी आणि लहान ब्रिजसाठी ही पद्धत विश्वासार्ह ठरली आहे. पण स्कॅनर त्याला दिसते तेवढेच टिपतो. हिरडीखाली दडलेली मार्जिन, लाळ, रक्त यांच्यापुढे तो हतबल होतो. कॉर्ड लावणे, रक्त थांबवणे आणि जागा कोरडी ठेवणे ही आपल्या हातांची कामे आजही हातांचीच आहेत. एकही दात नसलेल्या जबड्याच्या कवळीसाठी तर हलत्या मऊ भागाची कड नोंदवावी लागते. तिथे बॉर्डर मोल्डिंग करून घेतलेल्या मापाचा भरवसा अजून अधिक आहे. आपल्याकडे कवळीसाठी येणारे वयस्कर रुग्ण पुष्कळ आहेत, हे लक्षात घेऊनच लाखो रुपयांच्या खरेदीचा विचार करावा.

आता आपल्या भागाच्या खऱ्या दुखण्याकडे वळू. विदर्भातल्या कोणत्याही पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होतो. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, तरी खर्रा सुटला नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. याचा परिणाम आपण रोज खुर्चीवर पाहतो. आधी तिखट सोसवत नाही, मग गाल ताठ होतात, मग तोंड उघडत नाही. या आजाराचे, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिसचे, वर्णन १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये केले आणि लगेच १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातून ते मांडले. केरळमधील एर्नाकुलमच्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यात अशा ७.६ टक्के रुग्णांत कर्करोग उद्भवला.

डिजिटल साधनांची परीक्षा इथे होते. वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमधले अंतर २० मिलिमीटरवर आले की अनेक स्कॅनरचे टोक मागच्या दाढेपर्यंत नीट पोहोचत नाही, कारण टोकाचीच उंची १५ ते २० मिलिमीटर असते. आरव्हीजीचा जाड, ताठ सेन्सर अशा तोंडात रुग्णाला सोसत नाही. तिथे पातळ फॉस्फर प्लेट जास्त उपयोगी पडते, किंवा ओपीजी काढून काम भागवावे लागते. खरेदी करताना विक्रेत्याने दाखवलेल्या निरोगी, मोकळ्या तोंडावर विसंबू नका. आपल्या सर्वांत ताठ तोंडाच्या रुग्णावर ते साधन चालते का, ते आधी पाहा.

आणि या रोगासाठी सर्वांत मोलाचे डिजिटल साधन सर्वांत स्वस्त आहे: चांगला कॅमेरा, आरसा आणि मिलिमीटरची पट्टी. तोंड नीट पाहण्याने जीव वाचतात, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी करून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तपासणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. डोळ्यांना दिसले ते आज आपण तारखेसह जपून ठेवू शकतो आणि सहा महिन्यांनी शेजारी ठेवून पाहू शकतो. पांढरा डाग वाढला का, गालाचा पट्टा घट्ट झाला का, तोंड ३२ मिलिमीटरवरून २७ वर आले का, हे मग स्मरणशक्तीवर सोपवावे लागत नाही. खर्रा खाणाऱ्या तरुणाला त्याचेच दोन फोटो दाखवले तर आपले सांगणेही त्याला पटण्याची शक्यता वाढते.

शंकास्पद जखमेचा फोटो अमरावतीच्या विदर्भ युथ वेलफेअर सोसायटीच्या दंत महाविद्यालयातील किंवा १९६८ पासून चालत आलेल्या नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील तज्ज्ञांना दाखवून सल्ला घेता येतो. रुग्णाला कुठे, किती लवकर पाठवायचे, हे त्यावरून ठरते. मात्र फोटोने निदान पक्के होत नाही, ते बायॉप्सीनेच होते. फोटो पाहून संगणकाने डाग ‘निर्दोष’ ठरवला म्हणून दोन आठवड्यांत न भरलेली जखम सोडून देणे हा गुन्हाच समजावा.

सोयीबरोबर सवयीही बिघडतात. आरव्हीजीत एका चित्राला लागणारा किरणोत्सर्ग कमी, म्हणून आपण चित्रे जास्त काढू लागलो, तर बचत कुठली? सीबीसीटी प्रत्येक अक्कलदाढेला लागत नाही. जिथे साध्या चित्राने प्रश्न सुटत नाही, तिथेच ती घ्यावी आणि पाहण्याचे क्षेत्र गरजेपुरतेच ठेवावे. क्ष-किरण यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर नोंदणी करणे प्रत्येक दवाखान्याचे कर्तव्य आहे. हातात धरून वापरायची स्वस्त यंत्रे घेताना त्यांना मंडळाची मान्यता आहे का, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. रुग्णाचे फोटो मोबाईलच्या गटांत फिरवणेही थांबले पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्याही आधी रुग्णाची माहिती जपणे हा आपल्या व्यवसायाचा धर्म होता. मराठीत लिहिलेले संमतिपत्र, कुलूपबंद संगणक आणि वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत एवढे तरी असलेच पाहिजे.

राहिला खर्चाचा प्रश्न. कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचा हप्ता फेडण्यासाठी ज्याला कॅपची गरज नाही त्याला कॅप सुचवली गेली, तर ते तंत्र आपल्याला नको. नांदगाव खंडेश्वर, चांदूर रेल्वे, धामणगाव, नेर अशा शेजारच्या गावांतल्या चार-पाच डॉक्टरांनी मिळून लॅपटॉपवर चालणारा एक स्कॅनर घ्यावा, वार ठरवून वापरावा आणि त्याची टोके प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्ह करावीत. विजेचा खेळखंडोबा होतो तिथे इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरावा. लॅबने फाईल उघडायला वेगळे पैसे मागू नयेत, म्हणून कोणत्याही लॅबला चालणाऱ्या खुल्या स्वरूपात फाईल देणारेच यंत्र घ्यावे.

फोटो आणि नोंदी ठेवण्याचे हे काम शाळकरी मुलांसाठीही पुढे नेता येईल. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांच्या तक्रारींची तपासणी समाविष्ट आहे. तपासणीत सापडलेली किडकी दाढ उपचारापर्यंत पोहोचली का, हे पाहण्यासाठी खासगी दवाखाना आणि या कार्यक्रमाचे तपासणी पथक यांच्यात फोटो व नोंदींची देवाणघेवाण पालकांच्या संमतीने व्हावी.

म्हणून आमचा क्रम स्पष्ट आहे: आधी कॅमेरा आणि पट्टी, मग कमी किरणांत काम करणारे क्ष-किरण साधन, त्यानंतर सामायिक स्कॅनर, आणि कॅप कोरणारे मिलिंग यंत्र सर्वांत शेवटी. वाचकांनी या महिन्यापासून एक काम हाती घ्यावे. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचे तोंड किती मिलिमीटर उघडते ते मोजा, खर्रा-तंबाखूची सवय विचारा, दोन्ही गालांचे फोटो घ्या आणि तारखेसह जपून ठेवा. यासाठी कर्ज लागत नाही, विक्रेता लागत नाही. वऱ्हाडात डिजिटल दंतवैद्यकाची सुरुवात याच नोंदीने व्हावी, अशी आमची सर्व सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

— संपादक