अजिनोमोटो नको, मग मसाल्याची पुडी कशी चालते?

वैजापूरच्या आमच्या घरात अजिनोमोटोला बंदी आहे. ‘विष असतं ते,’ असं आई सांगते. भाजीला चव यावी म्हणून पाच रुपयांची मसाल्याची पुडी मात्र ती बिनधास्त फोडते. तिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा मी ती पुडी पहिल्यांदा उलटून वाचली. घटकांच्या यादीत वरच्या ओळीतच मीठ. शेवटी बारीक अक्षरात ‘चव वाढवणारे घटक : 627, 631’. हे दोन्ही एमएसजी नाहीत, पण ग्लुटामेटची चव कित्येक पटींनी वाढवतात.

अजिनोमोटो म्हणजे नेमकं काय?

हे खरं तर जपानी कंपनीचं नाव. पदार्थ आहे मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे एमएसजी. पाकिटावर त्याचा क्रमांक 621 असतो. 1908 मध्ये टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या कढणातली चव ग्लुटामेटची असल्याचं शोधलं. पिकलेल्या टोमॅटोत ते निसर्गतःच असतं. शरीर या दोन्हींत फरक करत नाही.

मग भीती कुठून आली?

1968 मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशी त्यांची तक्रार होती. नेहमीच्या मात्रेशी याचा ठोस संबंध पुढच्या चाचण्यांत दिसला नाही. रिकाम्या पोटी मोठी मात्रा घेतल्यास काहींना तात्पुरता त्रास होऊ शकतो, इतकंच.

आपल्याकडे 2015 मध्ये मॅगीवर बंदी आली आणि ही भीती घरोघरी पोहोचली. त्या वादात शिशाचाही मुद्दा होता, तो मागे पडला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. आम्ही एमएसजी घालत नाही. ग्लुटामेट शेंगदाण्याचं प्रोटीन, गव्हाचं पीठ आणि कांद्याच्या पावडरीतून येतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. म्हणजे आपल्या बाजार समितीत ज्याचे ट्रॅक्टर लागतात, त्या कांद्यातही ते आहेच!

खरा प्रश्न कोणता?

मिठाचा. एमएसजीत सोडियम साधारण 12 टक्के, तर मिठात 39 टक्के. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. चव वाढवणारा पदार्थ वापरून मीठ कमी केलं, तर एकूण सोडियम घटतं. आपण मात्र मीठ तेवढंच ठेवतो, वरून पुडी टाकतो, सोबत पापड-लोणचंही घेतो.

म्हणून माझं मत असं की, बंदी घालायची तर नावावर नको, या सवयीवर घाला. आपल्या मराठवाड्याकडे येसर आहे. भाजलेल्या धान्य-डाळींच्या त्या मसाल्याच्या आमटीला पुडीची गरजच पडत नाही.

आईने पुडी अजून सोडलेली नाही. पण आता पुडी फोडली की भाजीत मीठ निम्मंच पडतं.