भंगारातला फाळ

परवा बंगळुरूत एका परिचितांकडे जाण्याचा योग आला. दिवाणखान्यात कडबाकुट्टीचे चाक काचेखाली टेबल होऊन उभे होते, उसाच्या चरकाच्या दातेरी चाकाचे घड्याळ झाले होते आणि नांगराच्या फाळाला दिवा टांगला होता. गंज घासून काढून वर तेलाचा हात दिलेला. वस्तू देखण्या होत्या, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मात्र 'हा फाळ कुठला?' या प्रश्नाला 'रविवारच्या जुन्या बाजारातला' एवढेच उत्तर मिळाले.

मराठी माणसाला या उत्तराने थोडे अस्वस्थ व्हावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळेना. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ साली त्याच घराण्याचा विद्युत यंत्रांचा कारखाना बंगळुरूत उभा राहिला. या शहरातल्या फाळाला असा पूर्वेतिहास असू शकतो. पण तो सांगणारी चिठ्ठी सोबत नसते.

हा दोष केवळ घेणाऱ्याचा नाही. तालुक्याच्या ठिकाणी काम करताना निर्लेखनाच्या कित्येक याद्यांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत. 'नांगर लोखंडी, निरुपयोगी' एवढाच शेरा, आणि लिलाव किलोवर. जडवस्तू नोंदवहीतील नोंद कमी झाली की आमचे कर्तव्य संपले. कारखाना, साल, गाव यांपैकी काहीही वस्तूबरोबर पुढे गेले नाही. पुरावशेषांविषयीचा १९७२ चा कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट घालतो. कायदा शंभर वर्षे थांबतो, भंगाराची भट्टी थांबत नाही.

म्हणूनच या शोभेच्या वस्तूंना नाक मुरडणे मला पटत नाही. निदान त्या वितळण्यापासून वाचतात आणि चार कारागिरांना काम मिळते. शासनालाही हे वावडे असू नये. चंदीगडचे रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी १९५७ पासून विनापरवाना, टाकाऊ वस्तूंतून बाग उभारली. नियमाने ती पाडता आली असती. प्रशासनाने ती राखली आणि १९७६ साली लोकांसाठी खुली केली.

माझी सूचना साधी आहे. निर्लेखनाच्या नमुन्यात 'निर्माता, साल, वापराचे ठिकाण' असा एक रकाना असावा. प्रत्येक प्रकारातील एक नग जवळच्या शाळेस वा कृषी महाविद्यालयास द्यावा, उरलेले खुशाल विकावेत. आणि आपण परगावी राहणाऱ्यांनी असा फाळ घेताना त्याचे गाव विचारावे, मागच्या बाजूस लिहून ठेवावे. उद्या नातवाने विचारले, तर दिव्यापलीकडचे काही सांगता येईल.