दर्शक-फलकाचा दोष आणि आपली उतावीळ

पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, तुमकूर असा येणारा महामार्ग बंगळुरास पोहोचतो, तेथे त्याच्या कडेस पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. शेजारच्या जालहळ्ळीस १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना उभा राहिला. सूक्ष्म मोजमाप हेच ज्या परिसराचे भांडवल, तेथेही मोटारीचा काटा अडकला की ‘फलकच बदलून टाका’ असा सल्ला मिळावा, हे आम्हांस विसंगत वाटते.

दर्शक-फलक हा बहुधा केवळ साक्षीदार असतो. दोष अन्यत्र असतो. जुन्या अ‍ॅम्बॅसडर गाडीचे उदाहरण घ्यावे. इंधनाचा व तापाचा असे दोन्ही काटे एकदमच वर चढू लागले, तर दोन्ही दर्शक एकाच दिवशी बिघडले असे मानण्याचे कारण नाही. दोहोंस सुमारे १० व्होल्टचा दाब पुरविणारा एकच नियामक फलकामागे असतो. तो अथवा त्याची अर्थिंगची जोडणी प्रथम तपासावी. एकटा इंधनकाटाच निपचित पडला असेल, तर टाकीवरील तार सोडवून योग्य त्या रोधामार्फत गाडीच्या सांगाड्यास जोडावी व थोडे थांबावे, कारण हा काटा उष्णतेवर चालणारा असल्याने सावकाश हलतो. हलला, तर दर्शक निर्दोष. टाकीतील तरंगकाच्या यंत्रणेकडे वळावे.

नव्या गाड्यांत बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेली ‘कॅन’ संदेशपद्धती असते. पिळलेल्या दोन तारांच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून मोजल्यास सुमारे ६० ओहम यावयास हवेत. १२० आल्यास एक टोक तुटले असे समजावे. पाच मिनिटांचे हे काम टाळून नवा फलक बसविला, तर दोष तसाच राहतो, आणि किती किलोमीटर गाडी धावली याच्या नोंदीविषयीही शंका निर्माण होते. तेलदाबाच्या तांबड्या दिव्याची तार तोडून ‘दुरुस्ती’ करणारे महाभागही आहेत! त्यांच्या गिऱ्हाइकास पुढे एंजिनाची किंमत मोजावी लागते.

मिस्त्री म्हणतील, शोधण्यात वेळ जातो. ते खरे आहे. पडदाच फुटला असेल, तर बदलण्यास आमचीही हरकत नाही. परंतु आपण भाग बदलण्याचे पैसे देतो, दोष शोधण्याचे देत नाही. मग तो शोधणार कोण? शिवाय तारांचा आराखडा त्याच्या हाती नसतो. केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ साली संकेतस्थळ उघडले, ते योग्यच झाले. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे: हा आराखडा गाडीच्या पुस्तिकेतच छापावा, आणि बिलात मोजणीच्या तासाची स्वतंत्र ओळ असावी.