हृदयोपचार वऱ्हाडच्या दारी हवा

वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने १९२९ साली स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली. १९७७ साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिच येथे नळीच्या टोकाशी फुगा लावून हृदयाची आवळलेली रोहिणी उघडली. या थोर विद्येचा वाटा वऱ्हाडच्या शेतमजुराला किती मिळतो, हा आमचा सवाल आहे.

रोहिणी बंद पडली की हृदयाचा स्नायू क्षणोक्षणी मरू लागतो. रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांत ती उघडावी, असे शास्त्र सांगते. धारणीहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर, वाटेत मेळघाटचा घाट! तेव्हा तालुक्यालाच हृदयालेख काढून गुठळी विरघळविणारे इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्णाला कॅथ लॅबकडे धाडावे, हाच शहाणा क्रम होय.

२०१७ साली सरकारने औषधलेपित स्टेंटची किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपयांवर बांधली. नफेखोरीला लगाम घालता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु स्टेंट बसविणारा हात रात्री दोन वाजता हजर नसेल तर या स्वस्ताईचा उपयोग काय? यंत्र निविदेने येते. तंत्रज्ञ, परिचारिका व हृदयरोगतज्ज्ञ टिकतात ते कायम पदांवर. ठेकेदारीवर अहोरात्र सेवा उभी राहत नाही.

अमरावतीच्या इर्विनच्या किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या दारी आलेला माणूस नागपूरच्या वाटेवर दगावू नये, ही याचना नव्हे. तो त्याचा हक्क आहे. महात्मा फुल्यांच्या नावाची आरोग्य योजना खाजगी इस्पितळांची बिले भागविण्यापुरती उरता कामा नये. दोन्ही शहरांत सार्वजनिक कॅथ लॅब दिवसरात्र चालली पाहिजे.